मानाची खुर्ची

प्रिय खटपटे,

तुझं पत्र येऊन आठवडा होत आला आणि माझं उत्तर नाही, म्हणजे आई रुसली असा अर्थ तू काढला असशीलच. फोनवरही मी गुडघा कसा आहे आणि शेजारणीची मांजर परत आली का, यापुढे गेले नाही. रुसले वगैरे काही नव्हते. उत्तर तुझं पत्र वाचतानाच तयार झालं होतं. ते तुला देता येईल का, हे एका बाईंना विचारायचं होतं. काल विचारून झालं. फोनवरही सांगितलं असतं, पण तू दोन वाक्यं झाली की 'आई, मुद्द्यावर ये' म्हणतेस आणि मग मी मुद्दा सोडून बाकी सगळं सांगते. कागद मध्ये तोंड घालत नाही, म्हणून कागद.

शुक्रवारपर्यंत तुला मामाला हो किंवा नाही कळवायचंय. त्याच्या ओळखीतली कचेरी, टेबलाची नोकरी, खिडकीजवळची जागा, कपडे मळायचे नाहीत. त्याचे मलाही फोन आले. त्याच्या मते लिफ्ट दुरुस्त करणं मुलीने हौस म्हणून शिकावं, टोपी घालून एक फोटो काढावा आणि सोडून द्यावं. मी म्हटलं, तुझी लिफ्ट अडकते तेव्हा तू हौशी माणसाला बोलावतोस का रे? तर म्हणे, 'ताई, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.' हे तो शाळेत असल्यापासून म्हणतोय आणि बोलायचा थांबत नाही. तेव्हा मामाची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुझ्या एका ओळीची. 'कोणी त्रास देत असतं तर मी भांडले असते. इथे सगळे इतके चांगले वागतात की भांडायला जागाच नाही.' मिस्तरी तुला ताई म्हणतो. पहिला चहा तुला. हत्यारांची पेटी उचलायला गेलीस की तो दुसरा, सारखा गुणगुणणारा, धावत येऊन ती तुझ्या हातातून घेतो. आणि इमारतीत पोचलात की, 'ताई, तुम्ही छान बोलता, तुम्ही खाली लोकांना सांभाळा.' मग मिस्तरी लिफ्टच्या डोक्यावर, गुणगुण्या लिफ्टखालच्या खड्ड्यात, आणि तू तळमजल्यावर 'काम चालू आहे'च्या पाटीशेजारी उभी राहून आजीबाईंना जिना दाखवतेयस. शिकलीस दोर, ब्रेक आणि दरवाज्यांची यंत्रं. करतेयस दारावरच्या पोरीचं काम. आता माझ्याकडचं ऐक. दोन्ही वाटा एकाच चौकात येतात.

विद्यापीठात थोडं नाटकाचं काम मिळालंय, एवढंच मी तुला सांगितलं होतं. ते खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं सांगायची मनाई होती, ती आता प्रयोगाचे दोन्ही टप्पे संपल्यावर उठली आहे. मानसशास्त्राच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला एक खोली आहे. गोल टेबल, चार खुर्च्या, न वाजणारा पंखा आणि एका भिंतीवर मोठा आरसा. आरशामागे दुसरी खोली, तिथून इकडचं दिसतं, इकडून तिकडचं नाही. आयुष्यभर मी उजेडात आणि बघणारे अंधारात, त्यामुळे मला काही नवीन नव्हतं. फक्त इथे टाळ्या नाहीत, आणि मध्यंतरात बटाटेवडे तर सोडाच, चहासुद्धा नाही. ही प्रयोगशाळा अभ्यास करते तो कामाच्या जागांचा. लोक एकत्र काम कसं करतात, त्यांना काय शिकवलं तर ते नव्या माणसाला आपल्यात घेतात. याला त्यांच्याकडे 'समावेशन' म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो शब्द एखाद्या पोटाच्या औषधाचं नाव वाटला होता. आता सवयीने जिभेवर बसलाय.

माझी भूमिका एकच, 'नवी'. खऱ्याखुऱ्या कामाच्या ठिकाणांहून तिघातिघांच्या टोळ्या यायच्या, बँकेतल्या, गोदामातल्या, दवाखान्यातल्या. रोज एकत्र काम करणारी माणसं. त्यांच्यात चौथी मी, आजच रुजू झालेली बाई म्हणून बसायची. काम सोपं दिसणारं: सामान वाहायची एक ढकलगाडी जोडायची. सूचनांचे चार कागद, प्रत्येकाकडे एकेक. माझ्या कागदावर ब्रेकचं आणि मागच्या चाकांचं होतं, जे दुसऱ्या कोणाच्याच कागदावर नव्हतं. मला सक्त ताकीद: विचारलं तर सगळं नीट सांगायचं, नाही विचारलं तर गप्प राहायचं, आणि कोणी कागद मागितला तर देऊन टाकायचा. तुझी आई गप्प. तुला हसू येत असेल. रंगभूमीवर मी मेलेल्या बाईचं काम केलंय, पण ते याच्यापेक्षा सोपं होतं. मेलेल्या बाईला निदान ऐकू येत नाही.

आलेल्या टोळ्यांपैकी निम्म्यांना आधी प्रयोगशाळेचं प्रशिक्षण मिळालेलं असायचं, निम्म्यांना नाही. कोणत्या कुठल्या, हे मला कळू द्यायचं नाही, नाहीतर माझं वागणं नकळत बदलेल. कळू द्यायचं नाही म्हणजे किती, तर प्रयोगशाळेतल्या कोणीच माझ्याशी कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि ही पोरं दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाहीत. मग दुपारी मी आले की जेवणाच्या खोलीत एकदम शांतता. 'या ना, बसा ना, तुमच्यासाठी ही खुर्ची ठेवलीय,' असं म्हणून मला खिडकीची चांगली खुर्ची द्यायचे आणि स्वतः डबे उचलून पलीकडे जायचे. नव्या माणसाला आपल्यात कसं घ्यावं, याचा अभ्यास करणारी सबंध प्रयोगशाळा, आणि मी एकटी खिडकीत भात खातेय. एकदा वेळ मोजणारी ती चष्मेवाली मुलगी परत आली आणि कानाशी लागून म्हणाली, 'काकू, तुम्हाला वाईट वाटत असेल तर सांगा, पण मी का विचारतेय ते विचारू नका.' मी म्हटलं, बाळा, मला वाईट वाटत नाहीये, पण मीठ तुमच्या टेबलावर आहे.

आता गंमत ऐक. काही टोळ्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं जाऊ दे, तशी माणसं जगात असतातच. पण काही टोळ्या अशा यायच्या की आत शिरताच सगळे उभे. नाव विचारणार, मी सांगितलेलं नाव लक्षात ठेवणार, 'काकू, पंख्याचा वारा लागतोय का, इकडे बसा,' पाण्याचा पेला पुढे. आणि मग त्यांच्यातला सर्वांत समजूतदार माणूस माझ्यापुढे हात करणार: 'द्या तो कागद, तुम्ही कशाला त्रास घेताय पहिल्याच दिवशी, आम्ही बघतो.' कागद त्यांच्या ढिगाऱ्यात जायचा आणि कोणी वाचायचं नाही. एका दवाखान्याच्या टोळीने तर माझी इतकी बडदास्त ठेवली की गाडी तयार झाल्यावर ती टेबलावरून खाली ठेवण्याचा मान मला दिला. मी ठेवली. ब्रेक उलटा. गाडी माझ्या हातून सुटून थेट दारावर जाऊन आदळली आणि तिघेही माझी क्षमा मागू लागले. माझी चूक होती असं कोणी म्हणेना, कारण मी काही केलेलंच नव्हतं. घरी येताना मला इतकं रिकामं रिकामं वाटलं की बसचा थांबा गेला तरी उतरले नाही.

आणि मग एके दिवशी छापखान्यातली तिघं आली. त्यांच्यातली एक बाई, आवाज यंत्रांवर घासून जाडा झालेला. बसल्या बसल्या तिने माझ्याकडे बोट केलं. 'ओ बाई, झोप लागली का? ब्रेकचं आमच्या कोणाकडे नाही, म्हणजे तुमच्याकडे असणार. बोला की, आम्ही काय ज्योतिषी आहोत?' मी बोलले. दुसरा म्हणाला, 'हळू, हळू, गाडी जोडायचीय, पकडायची नाही.' मग माझ्या हातात पाना आला. मी पाना धरणार म्हणजे कसा, तुला माहीत आहे. चाक तिरकं बसलं. तिघांतला म्हातारा वाकून बघत म्हणाला, 'हे काय केलंत? हे तर लंगडतंय. काढा, परत लावा.' त्याने स्वतः लावलं नाही, हे लक्षात घे. मला लावायला लावलं आणि त्याच्या कागदावरचं काम माझं होईपर्यंत अडवून ठेवलं. कोणी माझं नाव विचारलं नाही. जाताना ती जाड्या आवाजाची म्हणाली, 'ब्रेक बरा बसला हं तुमचा.' मी त्या दिवशी पायीच घरी आले.

आरशामागे दोन विद्यार्थी बसून प्रत्येक वाक्याला खूण करायचे. आदराने हाक मारली, एक गुण. विचारपूस केली, एक गुण. टोमणा मारला, एक गुण कमी. त्या हिशेबात छापखाना तळाशी गेला आणि माझी क्षमा मागणारा दवाखाना पहिला आला. गाडी मात्र छापखान्याची सर्वांत चांगली. प्रयोगशाळेच्या प्रमुख प्रोफेसरबाईंनी हे आकडे बरेच दिवस पुन्हा पुन्हा मोजून पाहिले, असं चष्मेवाली नंतर सांगत होती. टप्पा संपला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. पहिल्यांदाच समोरासमोर, चहा घेऊन. त्यांनी एकच विचारलं, 'उद्यापासून यांतल्या एका टोळीत खरंच कामाला जायचं झालं, तर कुठे जाल?' मी म्हटलं, छापखान्यात, आणि आजच सोडलंत तर आजच. त्या हसल्या आणि समोरचा संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मोठ्या अक्षरांत त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, 'आपण पाहुणचार मोजला.' मग म्हणाल्या, 'वाईट याचं वाटतं की पाणी पुढे करणाऱ्या बहुतेक टोळ्या आपण शिकवलेल्या आहेत. लोकांनी आपलं अगदी मनापासून ऐकलं. आपणच त्यांना यजमान केलं.' ही बाई मला आवडली. आपलं चुकलं हे सांगताना तिने आवाज बारीक केला नाही.

सुतारकाका तुला आठवतात का? आमच्या मंडळीचं नेपथ्य उभारायचे ते. तुला तेव्हा नीट शाळाही सुरू झाली नव्हती. मी तालमीत असायचे, तू विंगेत भोकाड पसरायचीस आणि सगळ्या नट्या तुला आळीपाळीने कडेवर घ्यायच्या. तू कोणाकडे राहायची नाहीस. सुतारकाकांनी कधी तुला कडेवर घेतलं नाही. एकदा स्क्रू पिळायला हातात पेचकस दिला आणि दरडावून सांगितलं, 'तिसऱ्या अंकात तुझी आई या दारातून येते. बिजागरी सैल राहिली तर दार तिच्या डोक्यात पडेल. मग बघ.' त्यानंतर प्रत्येक प्रयोगाआधी तू त्या दारापाशी. तुला कडेवर घ्यायला आलेल्या नटीला तू म्हणाली होतीस, 'आत्ता नाही, मी कामात आहे.' तुझं हे नाव तेव्हापासूनचं. प्रोफेसरबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'एवढं कळायला आम्हाला एक अख्खा टप्पा लागला.' मी म्हटलं, सुतारकाकांचाही सुरुवातीला चुकत शिकण्यात, बोटाला बँडेज बांधून, एक टप्पा गेला असेलच.

दुसऱ्या टप्प्यात त्यांनी माझी संहिता बदलली. आता कागद मागितला तरी द्यायचा नाही. एवढंच म्हणायचं, 'हे माझ्याकडे आहे, हे मी करणार.' बस्स. पुढे कितीही आग्रह झाला तरी हसून तेच. मला वाटलं, सोपं आहे. सोपं नव्हतं. सभ्य माणसं एकदम गार पडायची. काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं की आम्ही इतकं चांगलं वागतोय आणि ही बाई काय अशी. त्या शांततेत माझ्यासारख्या मुरलेल्या नटीच्याही तळहाताला घाम यायचा. पण मग गाडी अडायची, कारण ब्रेकशिवाय पुढे काही होईना, आणि कोणीतरी चिडून म्हणायचं, 'अहो, मग करा ना लवकर.' त्या 'लवकर'पासून खोलीतली हवा बदलायची. आता मी त्यांच्यात धरली गेले होते. सगळीकडे झालं असं नाही. एका टोळीत शेवटपर्यंत मला कोणी माफ केलं नाही. पण बहुतेक ठिकाणी झालं. यावरूनच त्यांनी नवं प्रशिक्षण तयार केलं: नव्या माणसाला असं काम द्या की त्याच्यावाचून तुमचं अडेल, आणि मग त्याच्यावर स्वतःइतकेच चिडा. मी त्यात प्रसंग करून दाखवते. छान जमलंय.

तुझी जुनी पत्रं मी परत काढली. पहिल्या महिन्यातलं एक आहे. मिस्तरी राक्षस आहे म्हणून लिहिलंयस. 'अगं ए, तेरा नंबरचा पाना म्हटलं तर तेराच दे, बाराने काय माझं डोकं पिळू?' असं तो सगळ्यांदेखत ओरडला. आणि त्याच पत्राच्या शेवटी, घाईत, समासात: 'आज त्याने मला खड्ड्यात उतरवलं. ब्रेक मी लावला.' मग तुमच्या कंपनीत ते सभागृहातलं प्रशिक्षण झालं. मग त्याच्या तोंडी ताई आणि तुम्ही आलं, आणि तुझ्या पत्रातून खड्डा गेला. मिस्तरी वाईट माणूस नाही ग. त्याला कोणीतरी सांगितलंय की मान दे, आणि तो बिचारा जिवाच्या आकांताने मान देतोय. मानाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी ऊठ म्हणत नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. ते आपण होऊन उठावं लागतं. खुर्ची देणाऱ्याला वाईट वाटतं, थोडा वेळ. वाटू दे.

आता त्या परवानगीचं, म्हणजे या पत्राचं. तुमच्या कंपनीत सगळ्यांना सभागृहात बसवून जे शिकवलं गेलं, ज्यानंतर मिस्तरी सभ्य झाला, ते आमचंच होतं, जुनं. प्रोफेसरबाई पुढच्या महिन्यात नवं घेऊन तुमच्याकडे येणार आहेत, आधी निम्म्या टोळ्यांना, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. तुझी टोळी पहिल्या निम्म्यात होती. मी यादीत कंपनीचं नाव वाचलं आणि सरळ सांगितलं, तिथे माझी मुलगी आहे, तिला शुक्रवारपर्यंत ठरवायचंय, मला तिला लिहायचंय. 'महिनाभर थांब' एवढंच लिहू का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, तेवढंही सांगणंच झालं. 'तिला तुमचं पत्र मिळालं तर ती टोळी मला यातून काढावी लागेल, नाहीतर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. पत्र किंवा प्रशिक्षण. तुम्ही ठरवा, आणि नीट विचार करून ठरवा, कारण प्रशिक्षण चांगलं आहे.' ते चांगलं आहे हे मला त्यांच्याइतकंच माहीत आहे. मी म्हटलं, पत्र. तेव्हा खटपटे, तुझी टोळी यादीतून निघाली. मिस्तरीला समजवायला सध्या कोणी येणार नाही. टेबलाची नोकरी घेऊ नकोस, हे माझं मत, तू विचारलंस म्हणून. हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी तू उचल, आणि इमारतीत पोचलात की मिस्तरीला सांग, आज खड्ड्यात मी उतरते, पाटीपाशी तुम्ही थांबा. तो गार पडेल, गुणगुण्या गायचा थांबेल, तुझ्या तळहाताला घाम येईल, आणि तरी तू जागची हलणार नाहीस. उठताना प्रोफेसरबाईंनी विचारलं, इतकी खात्री कशावरून? मी म्हटलं, मी तिला ओळखते. ते मोजता येत नाही म्हणून त्यांनी लिहून घेतलं नाही.

तुझीच, आणि शनिवारी सकाळपासून फोनपाशी बसणारी,
आई